ड्रिल मशीनवर सरळ आटे पाडणं: दिशा मशीनची, फिरवणं हाताचं

टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे कापणारं हत्यार. नुसतं टॅप हँडल हातात धरून पाडलेल्या आट्यांत बोल्ट आवळून पाहा. बहुतेक वेळा बोल्टचं डोकं एका बाजूनं जॉबला (कामाच्या तुकड्याला) टेकतं आणि दुसऱ्या बाजूला कागद सरकेल एवढी फट राहते. टॅप फक्त एक अंश कलला, तरी २० मिमी खोल जाईपर्यंत तो साधारण ०.३५ मिमी बाजूला गेलेला असतो. एक अंशाचा कल नवख्याच्या डोळ्याला दिसत नाही. टॅपला मात्र तो सोसावा लागतो. टॅप भोकाच्या एका भिंतीत जास्त घुसतो, दुसरीकडे कमी कापतो, जड होत जातो आणि शेवटी तुटतो.

बेंच ड्रिल किंवा पिलर ड्रिल असेल तर हा कल सुरुवातीलाच टाळता येतो. स्पिंडल, म्हणजे ड्रिल पकडणारा चक फिरवणारा उभा दांडा, टेबलाला काटकोनात असला की त्याच रेषेत टॅप धरायचा. मोटर मात्र फक्त भोक पाडण्यापुरती चालवायची आणि टॅप हातानं फिरवायचा. खाली उदाहरण म्हणून १२ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमध्ये एम ८ चे आरपार आटे घेतले आहेत. बाकीच्या मापांना पद्धत तीच.

टॅप आणि ड्रिलचं माप

एम ८ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास ८ मिमी. नेहमीच्या जाड आट्यांचं पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी असतं. बाहेरच्या व्यासातून पिच वजा केलं की ड्रिलचं माप मिळतं. ८ वजा १.२५ म्हणजे ६.७५, बाजारात मिळणारं ड्रिल ६.८. रोज लागणारी मापं अशी:

एम ३ (पिच ०.५): २.५ मिमी
एम ४ (पिच ०.७): ३.३ मिमी
एम ५ (पिच ०.८): ४.२ मिमी
एम ६ (पिच १.०): ५.० मिमी
एम ८ (पिच १.२५): ६.८ मिमी
एम १० (पिच १.५): ८.५ मिमी
एम १२ (पिच १.७५): १०.२ मिमी

अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं वाढणारा ड्रिलचा डबा घेतला, तर त्यात ६.५ आणि ७.० असतात, ६.८ नसतं. नेमकी इथंच चूक होते. ७.० नं भोक पाडलं तर आटे उथळ येतात आणि बोल्ट ढिला बसतो. ६.५ नं पाडलं तर टॅपला गरजेपेक्षा जास्त धातू कापावा लागतो, हँडल जड होतं आणि टॅप अडकतो. ३.३, ४.२, ६.८ आणि १०.२ ही चार ड्रिलं सुटी विकत घ्या. एक टॅप तुटून जॉब वाया जाण्यापेक्षा ती केव्हाही स्वस्त पडतात.

जुन्या मशीनचा भाग दुरुस्तीला आला असेल तर आटे मिलिमीटरचे आहेत की सुताचे, हे आधी ठरवा. एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणून दोन सुती बोल्ट १/४ इंचाचा आणि तीन सुती ३/८ चा. जुन्या कामात हे आटे बहुधा व्हिटवर्थ असतात. त्यांचा कोन ५५ अंश, तर मेट्रिकचा ६०. तीन सुती बोल्टचे इंचाला १६ आटे, म्हणजे पिच साधारण १.५९ मिमी. एम १० चं पिच १.५. नुसत्या नजरेनं हा फरक कळत नाही. पिच गेज (आट्यांत दात जुळवून पाहायची पट्टी) लावून पाहा, अंदाजावर टॅप उचलू नका. व्हिटवर्थला ड्रिल लागतं ते दोन सुतीला ५.१, तीन सुतीला ७.९ आणि चार सुतीला १०.५ मिमी.

हातटॅपचा सेट तीन नगांचा येतो. पहिल्याचं तोंड लांबवर निमुळतं असतं, दुसऱ्याचं कमी, तिसरा जवळपास टोकापर्यंत पूर्ण दातांचा. बऱ्याच सेटमध्ये पहिल्याच्या शँकवर (मागच्या गुळगुळीत दांड्यावर) एक गोल रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एकही नाही. अशा सेटमधले पहिले दोन टॅप व्यासानंही थोडे कमी असू शकतात. म्हणून भोक आरपार असलं तरी तिन्ही क्रमानं मारा. पहिल्यावरच थांबलात तर बोल्ट आत जाणार नाही आणि चूक ड्रिलच्या मापात शोधत बसाल. टॅप एचएसएसचे (हायस्पीड स्टीलचे) घ्या. साध्या कार्बन स्टीलचे स्वस्त टॅप अ‍ॅल्युमिनियममध्ये निभावतात, एमएसमध्ये त्यांची धार लवकर जाते.

आधी टेबल तपासा

स्पिंडल सरळ आहे हे गृहीत धरून चालत नाही. टेबल डावी-उजवीकडे कलतं करता येतं, आणि वाहतुकीत किंवा कुणी मधे कलतं वापरलं असेल तर ते अर्धा अंश तसंच राहून जातं. अंशांच्या पट्टीवरचा शून्य फारसा भरवशाचा नसतो.

तीनेक मिमी जाडीची सळई झेडसारखी दोनदा काटकोनात वाकवा. एक टोक चकमध्ये, मधला भाग आडवा, दुसरं टोक खाली टेबलाकडे. स्पिंडलच्या मध्यापासून टोकापर्यंत शंभर मिमी अंतर राहू द्या. मोटरचा प्लग काढा. टेबल किंवा क्विल (मशीनच्या हँडलनं स्पिंडलसकट वर-खाली होणारी नळी) हलवून सळईचं टोक टेबलाच्या इतकं जवळ आणा की मध्ये साधा कागद जेमतेम घसटत सरकेल, आणि क्विल तिथंच लॉक करा. मग चक हातानं फिरवून डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे तोच कागद घालून पाहा. एका बाजूला अडकला आणि समोरच्या बाजूला सैल गेला तर टेबल त्या दिशेनं कललेलं आहे. डावं-उजवं टेबलाखालचा बोल्ट सैल करून जुळवता येतं. पुढचं-मागचं जुळवायची सोय लहान मशीनला बहुधा नसते. तिथं व्हाइसच्या खाली पातळ शिम किंवा पत्र्याचा तुकडा घालून फरक भरून काढा. दोन समोरासमोरच्या टोकांमधला फरक ०.२ मिमीच्या आत आला की टॅपच्या कामाला पुरे.

व्हाइसचा तळ आणि टेबल कापडानं नव्हे, हाताच्या तळव्यानं पुसून पाहा. तळव्याला लागणारी धातूची बारीक चिप कापडाखाली लपून राहते, आणि व्हाइसखाली अडकलेली एक चिप आतापर्यंतची सगळी मेहनत घालवते.

उंचीचा हिशोब

गोल खांबाच्या मशीनवर टेबल वर-खाली केलं की ते थोडं फिरतं. भोक पाडून झाल्यावर टॅप मावावा म्हणून टेबल खाली घेतलं, तर भोक स्पिंडलच्या खालून सरकलंच समजा. म्हणून ड्रिल आणि टॅप दोन्ही एकाच उंचीवर मावतील, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहायचं.

६.८ चं नेहमीचं ड्रिल १०९ मिमी लांब असतं. एम ८ चा हातटॅप त्याच्यापेक्षा बराच आखूड. ड्रिल चकमध्ये वरवर पकडलं तर टॅप लावल्यावर क्विल इतकं खाली आणावं लागतं की त्याची चालच संपते. म्हणून ड्रिल जबड्यात जाईल तितकं खोल घाला, फक्त खाचांचा भाग जबड्यात येऊ देऊ नका. मग टॅप जॉबवर उभा धरून वर चकची जागा पुरते का पाहा. पुढे सांगितलेल्या सेंटरच्या पद्धतीत टॅपच्या डोक्यावर सेंटरही मावायला हवा. ड्रिलचं टोक आणि जॉब यांच्यात १० ते १५ मिमी मोकळी जागा ठेवली की बहुतेक वेळा दोन्ही जमतं.

इतकं करूनही टेबल हलवावंच लागलं, तर सगळं बिघडलं असं नाही. टेबल परत घट्ट करा, व्हाइस मात्र मोकळा ठेवा. पहिला टॅप चकमध्ये धरून भोकात टेकवा आणि हलकेच दाबा. निमुळतं तोंड भोकात बसताना व्हाइसला स्वतःच ओढून जागेवर आणतं. मग व्हाइस आवळा. काटकोन टेबलामुळे टिकतो, फक्त जागा नव्यानं मिळवायची असते.

भोक

स्क्रायबरनं रेघा मारा, छेदावर सेंटर पंचचा एकच नेमका ठोका द्या. सेंटर ड्रिलनं लहान खळगा करा, नाहीतर ड्रिलचं टोक पृष्ठभागावर भटकतं. ६.८ च्या आधी ३ मिमीचं भोक पाडलं तर जाड ड्रिलला दाब कमी लागतो. एमएसमध्ये एचएसएस ड्रिलसाठी मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरला, तर ६.८ ला जवळपास ११५० फेरे येतात. पट्टा त्याच्या जवळच्या पायरीवर लावा. अ‍ॅल्युमिनियमला याच्या दुप्पट चालतात, स्टेनलेसला निम्म्याहून कमी.

ड्रिलच्या दोन धारा असमान घासलेल्या असतील तर ६.८ चं ड्रिल ७.० चं भोक पाडतं. घरी धार लावलेलं ड्रिल आधी भंगारातल्या तुकड्यावर चालवून भोक व्हर्नियरनं मोजा.

भोक झाल्यावर जॉब हलवू नका. त्याच जागी काउंटरसिंक लावून भोकाचं तोंड साडेआठ मिमीपर्यंत उघडा. यामुळे टॅपचं तोंड नीट बसतं, आणि पहिला आटा वर उचलून बर (उंचावलेली धारदार कड) येत नाही. बर आली की बोल्टचं डोकं सपाट बसत नाही.

भोक, काउंटरसिंक आणि टॅपची सुरुवात हे सगळं एकाच पकडीत करायचं. चार भोकं असतील तर प्रत्येक भोक पूर्ण करूनच पुढच्याकडे जा. वेळ जास्त लागतो, पण चारही सरळ येतात.

चकमध्ये टॅप धरून सुरुवात

मशीनचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण आता दोन्ही हात चकवर असणार आहेत. वरचं झाकण उघडून पट्टा सैल करा. मग मोटर ओढत बसावी लागत नाही, आणि टॅप किती जड चालतोय ते हाताला स्वच्छ कळतं.

पहिला टॅप चकमध्ये पकडा, चकच्या तिन्ही भोकांतून चावी आवळा. टॅपची शँक गोल आणि कडक असते, एका भोकातून आवळलेला चक त्यावर घसरतो आणि शँकवर ओरखडे पडतात. टॅपला आणि भोकाला तेल लावा. डाव्या हातानं मशीनचं हँडल खाली घेऊन टॅप भोकात टेकवा, उजव्या हातानं चक किंवा वरची पुली घड्याळाच्या दिशेनं फिरवा. चकला पकड मिळत नसेल तर चकच्या भोकात चावी घालून तिचा दांड्यासारखा वापर करता येतो. काम झालं की चावी लगेच बाहेर काढायची. ती तिथं राहिली आणि कुणी मशीन चालू केलं, तर ती तोंडावर उडते.

पहिल्या दोन फेऱ्यांना खाली दाब द्यावा लागतो. मग टॅपला पकड मिळते आणि तो स्वतःच खाली ओढला जातो, फेऱ्याला सव्वा मिलिमीटर. इथं डाव्या हाताचं काम बदलतं. क्विलची स्प्रिंग त्याला सतत वर खेचत असते. हँडल सोडून दिलं तर टॅप खाली आणि स्प्रिंग वर अशी ओढाताण सुरू होते आणि वरचे दोन-तीन आटे खरवडले जातात. उलट जोरात दाबत राहिलात तर टॅपला त्याच्या पिचपेक्षा जास्त खाली जावं लागतं आणि तेच आटे फाटतात. स्प्रिंगचं वजन उचललं जाईल एवढंच हँडल धरा. हात टॅपच्या मागोमाग जायला हवा, त्याच्या पुढे नाही.

चार-पाच फेरे झाले की थांबा. चक सैल करा, टॅप जॉबमध्येच राहू द्या, क्विल वर घ्या. टॅपच्या मागे गुण्या उभा करा, आधी एका बाजूनं, मग त्याला काटकोनातल्या बाजूनं. टॅप सरळ उभा असेल तर पुढचं काम टॅप हँडलनं करा. पाच आटे सरळ पडले की टॅप त्याच वाटेनं जातो, पुढे वाकडा जायला त्याला जागा नसते. कललेला दिसला तर हँडलनं ढकलून सरळ करायला जाऊ नका, टॅप त्यातच तुटतो. उलटा काढा, टेबल पुन्हा तपासा, परत चकमधून सुरू करा.

सेंटरनं दिशा देणं

एम १० आणि त्यावरचे टॅप एमएसमध्ये चकमधून फिरवणं हाताला जड जातं, शँक घसरते. तिथं चकमध्ये टॅप न धरता ६० अंशाचा टोकदार सेंटर धरा. मोठ्या टॅपच्या डोक्यावर मधोमध लहान खळगा असतो, सेंटरचं टोक त्यात बसवायचं. टॅप फिरवायचा टॅप हँडलनं, आणि क्विलच्या हँडलनं सेंटर हलका दाबत टॅपच्या मागोमाग खाली आणत राहायचं. लेथ नसेल तर १० मिमीची एमएस सळई ड्रिलच्या चकमध्ये धरून, मशीन चालू करून, मूठ बसवलेल्या कानशीनं टोक काढा. त्याच चकमध्ये घासल्यामुळे ते मध्यावर येतं. लहान टॅपच्या डोक्यावर मात्र खळग्याऐवजी बाहेर आलेलं टोक असतं. त्याला खळगा पाडलेली सळई लागते.

ही पद्धत जरा हळू असली तरी टॅपवर हात नेमका बसतो. नवख्यानं एम ६ पासून पुढे हीच वापरावी.

फिरवताना हाताला काय कळतं

साध्या सरळ खाचांच्या हातटॅपला अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना हाताला एक बारीक टिचकी जाणवते, ती चिप तुटल्याची. टिचकी आली नाही तर थोडं आणखी मागे घ्या. आरपार भोकासाठी गन टॅप वापरत असाल तर हे पुढे-मागे लागत नाही, तो चिप पुढे ढकलत जातो.

धोक्याची खूण अशी: हँडल पुढे जातं, पण टॅप तिथंच असतो, आणि हात सैल केला की हँडल किंचित मागे येतं. म्हणजे टॅप कापत नाही, पिळला जातोय. पुढचा पाव फेरा त्याला तोडेल. त्याच क्षणी उलटा फिरवा, पूर्ण बाहेर काढा, खाचा ब्रशनं साफ करा, तेल घाला, मग परत. एम ३ आणि एम ४ च्या टॅपला लांब हँडल लावू नका, लांब दांड्यात ही जाणीव हरवते.

तेल धातू पाहून. एमएसला गंधकयुक्त कटिंग ऑइल. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, नाहीतर तो टॅपच्या दातांना चिकटून आटे ओरबाडतो. स्टेनलेसला टॅपिंग पेस्टच, आणि मध्ये न थांबता सलग कापत राहा, घासत राहिलं की तो तिथंच कडक होतो. पितळ कोरडं चालतं. बीडही (कास्ट आयर्न) कोरडंच, त्यातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. तेल घातलं तर भुकटीचा चिखल होऊन खाचा भरतात.

बंद तळाचं भोक

इथं खोली मोजून पाडा. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम ८ चे १६ मिमी कामाचे आटे हवे असतील, तर भोक २२ मिमी खोल लागतं. तिसऱ्या टॅपलाही टोकाशी दोनेक अपुरे आटे असतात, आणि खाली चिप साठायला जागा हवी. ही खोली ड्रिलच्या पूर्ण व्यासापर्यंत मोजायची, टोकाचा शंकू त्यात धरायचा नाही. टॅपवर इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करा. तीन-चार फेऱ्यांनंतर टॅप बाहेर काढा, जॉब उलटा करून चिप झटका. कॉम्प्रेसरची हवा भोकात मारली तर चिप सरळ डोळ्याकडे येते, गॉगल असला तरी ते टाळा. टॅप तळाला टेकल्यावर आणखी एक फेरा मारायचा मोह झाला की टॅप तुटलाच समजा.

मोटरवर टॅप मारता येतो का?

येतो, पण साध्या बेंच ड्रिलवर नाही. मशीनचा सर्वात कमी वेग मिनिटाला ४५० फेरे धरा. एम ८ चा टॅप त्या वेगानं सेकंदाला साधारण ९ मिमी खाली जातो. १२ मिमीची प्लेट दीड सेकंदाच्या आत पार, आणि बटण बंद केल्यावरही स्पिंडल काही फेरे फिरतच राहतो. आरपार भोकात चक जॉबवर आदळतो, बंद भोकात टॅप तळाशी तुटतो. कारखान्यात याच वेगाच्या आसपास टॅपिंग चालतं, पण तिथं क्लच असलेली आणि हँडल वर घेताच उलटी फिरणारी टॅपिंग अटॅचमेंट असते. शेकडो भोकं मारायची असतील तर ती घ्या.

ड्रिलिंगच्या वेळी हातमोजे घालू नका, बाह्या, ओढणी आणि गळ्यातली साखळी आवरा. जॉब व्हाइसमध्ये, व्हाइस टेबलाला बोल्टनं. हातात धरलेली प्लेट ड्रिल आरपार निघताना पंख्यासारखी फिरते.

टॅप तुटलाच तर

हातोडीनं ठोकू नका. टॅप कडक आणि ठिसूळ असतो, ठोकल्यानं तुकडे आतच पाचरीसारखे बसतात. टोक वर दिसत असेल तर रॉकेल सोडा, खाचेत अणकुचीदार पंच लावून उलट्या दिशेनं अगदी हलक्या टकटकीनं सैल करा. टॅप एक्स्ट्रॅक्टरची बोटं खाचांत जात असतील तर उत्तम. साध्या ड्रिलनं तो कापला जात नाही, ड्रिल घसरून शेजारच्या मऊ धातूत जातं. किमती जॉब असेल तर स्पार्क मशीनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळून काढणाऱ्याकडे) न्या. भोसरी, अंबड, शिरोलीसारख्या औद्योगिक भागांत हे काम करून मिळतं, टॅप जळून निघतो आणि आटे वाचतात.

जॉब अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा असेल तर तुरटी कामी येते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात कोमट पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घाला, जॉबमधले पोलादाचे बाकीचे स्टड आणि पिना आधी काढा, आणि भोक वर येईल असा जॉब बुडवा. पाणी गरम ठेवलं तर वेग वाढतो. टॅपवरून बारीक बुडबुडे निघू लागतात, तो काळा पडून हळूहळू विरघळतो. मोठ्या टॅपला दिवसभरही लागतो, मधे पाणी बदला. नंतर जॉब स्वच्छ धुऊन वाळवा, आणि त्याच भोकात पहिला टॅप हातानं, जोर न लावता, जुन्या आट्यांतून फिरवून पाहा.